मोठ्या मुलाचं दत्तक: फाइल, दम्याचा पंप आणि समोरच्या घरातली मैत्रीण

जून २०२१ मध्ये आमच्या लेकीचा शेवटचा पाठपुरावा अहवाल भरला गेला आणि दत्तकाची प्रक्रिया कागदोपत्री पुरी झाली. नोंदणी केली होती ऑगस्ट २०१७ ला. या काळात तान्ह्या बाळाच्या दत्तकाबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळालं. सहा-सात वर्षांच्या, त्यातही फाइलवर ‘विशेष गरजा’ (म्हणजे आजार किंवा अपंगत्व) असं लिहिलेल्या मुलाबद्दल मात्र जवळजवळ काहीच सापडलं नाही. ज्यांच्या मनात हा विचार घोळतोय आणि भीतीही वाटतेय, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे. लेकीचं नाव, संस्थेचं गाव लिहिणार नाही. अशा मुलांची ओळख जपायची असते हे बाल न्याय कायदाही सांगतो, आणि पुढे कुणाला काय सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. नोंदणी केली तेव्हा मी ४२ वर्षांची होते आणि हे ४६ चे. दत्तकाच्या नियमांत नवरा-बायकोच्या वयाची बेरीज पाहतात. आम्ही नोंदणी केली तेव्हाच्या, २०१७ च्या नियमावलीत चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी बेरीज ९० पर्यंत, चार ते आठसाठी १०० पर्यंत, त्यापुढच्या मुलांसाठी ११० पर्यंत चालायची. आमची ८८ होती, म्हणजे लहान बाळ मागता आलं असतं. पण रांग लांब होती, आमची वयं वाढत होती, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही बोलतं-चालतं मूल हवं होतं. फॉर्ममध्ये चार ते आठ हा गट निवडला.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, पोर्टलवर होते. तिथे दलाल, ओळख, शिफारस यांतलं काही लागत नाही आणि कुणी तसं म्हणत असेल तर तिथून उठून यावं. नोंदणीनंतर तीस दिवसांत कागद चढवायचे: दोघांचा फोटो, पॅन, जन्माचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, गंभीर आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. आमचं लग्न १९९९ चं. तेव्हा नोंदणी करायची पद्धत आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. त्यामुळे अर्जाआधी विवाह नोंदणी करून घ्यावी लागली, आणि त्यात पत्रिका, भटजींची सही, साक्षीदार गोळा करण्यात बरेच दिवस गेले. तुमचंही असं असेल तर सुरुवात इथूनच करा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हेही आधीच तपासा. माझ्या पॅनवर माहेरचं आडनाव होतं, ते बदलून घेतलं तेव्हा पुढचं सरळ झालं.

मग गृह अध्ययन अहवाल, ज्याला सगळे होम स्टडीच म्हणतात. त्याचे ६,००० रुपये. सामाजिक कार्यकर्त्या डिसेंबर २०१७ मध्ये घरी आल्या. माझ्या मनात त्याचं फार दडपण होतं. घर लहान आहे, भिंतीला ओल आहे, काय म्हणतील? त्यांनी भिंतींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंशी मात्र तासभर बोलल्या. ‘मूल आजारी निघालं तर?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘पोटचं आजारी निघालं असतं तर काय केलं असतं?’ आम्हाला त्यांनी शेजार कसा आहे, गल्लीत मुलं आहेत का, सुट्टीला कोण नातेवाईक येतात, असं बरंच विचारलं. त्या प्रश्नांचं मोल मला पुढे कळलं.

२०१८ सगळं वाट बघण्यात गेलं. या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पोर्टल उघडायचं, बंद करायचं. लग्नाकार्यांत ‘अजून काही नाही का?’ हे ऐकायचं. मी त्या काळात एकच शहाणपणाची गोष्ट केली: दत्तक पालकांच्या एका गटात जायला लागले आणि मोठी मुलं घेतलेल्या आयांना भेटले. मूल पोळी उशीखाली लपवतं, पहिले काही महिने फार गुणी वागतं आणि मग एकदम बिथरतं, हे सगळं त्यांच्याकडून आधीच कळलं होतं, म्हणून घडलं तेव्हा घाबरले नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही पोर्टलवरच्या विशेष गरजांच्या मुलांची यादी पाहायला लागलो. या यादीला नेहमीची रांग नसते. तिथे ती दिसली. वय सहा वर्षं पाच महिने, वजन १४ किलो. मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. त्या दोन दिवसांत झोप अशी लागलीच नाही.

मुलाबरोबर दोन अहवाल मिळतात. एक वैद्यकीय तपासणीचा आणि दुसरा बाल अध्ययन अहवाल, म्हणजे मुलाचा स्वभाव, सवयी, आधीची हकीकत. वैद्यकीय अहवालात होतं: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, वारंवार छातीचा संसर्ग, हिमोग्लोबिन ८.१. दुसऱ्या अहवालातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. ‘शांत आहे. इतर मुलांमध्ये मिसळत नाही, खिडकीत बसून असते.’

आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून अहवाल तपासून घेण्याची मुभा नियमांतच आहे, ती जरूर वापरा. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘छिद्र दोन मिलिमीटरचं आहे. एवढ्याने सारखा खोकला येत नाही, वजनही असं अडत नाही. दुसरं काहीतरी आहे. आणि हा टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दोन वर्षांपूर्वीचा आहे, नवा मागवा.’ संस्थेने नवा एको करून घेतला, त्याचे १,८०० रुपये आम्ही दिले. छिद्र आणखी लहान झालं होतं. पडद्याच्या मांसल भागातली अशी छोटी छिद्रं पुष्कळदा वयाबरोबर आपोआप बुजतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ‘हृदयाला छिद्र’ हे शब्द कानावर पडले की पुढचं काही ऐकूच येत नाही. संस्थेतल्या माणसांचंही तसंच झालं असणार. त्यांनी जिवापाड जपली तिला, म्हणजे धावू दिलं नाही, झोपाळ्यावर बसू दिलं नाही, गर्दीत सोडलं नाही. सहा वर्षं ती जपली गेली आणि एकटी पडली.

मार्चमध्ये आम्ही वऱ्हाडात गेलो. सामाजिक कार्यकर्त्यांच्या सांगण्यावरून एक अल्बम केला होता: घराचा दरवाजा, आजी, तिची खाट, शाळा, अजिंक्यताऱ्याचा दुरून काढलेला फोटो, आणि समोरच्या घरातली सात वर्षांची मुलगी सायकल धरून उभी. लेक खरंच खिडकीत होती. आमच्याकडे बघेना, अल्बमकडे मात्र बघत होती. आजीचं पान उलटलं, शाळेचं उलटलं, आणि सायकलवाल्या मुलीवर तिने बोट ठेवलं.

‘हे कोन व्हय?’

‘आपल्या समोर राहते.’

‘थे माह्यासंग खेळते का?’ आणि लगेच, ‘मले दम लागते पन.’

मी उत्तर देऊ शकले नाही. यांनीच सांगितलं, ‘विचारू आपण तिला.’ अल्बम करताना शेजारचं एखादं मूल त्यात नक्की घ्या. मोठ्या माणसांचे फोटो मुलाला सगळे सारखेच वाटतात.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. तिला समजेल अशा शब्दांत विचारतात, घाई करत नाहीत. तिने दुसऱ्या दिवशी मान हलवली. त्यानंतर संस्थेच्या बाल संगोपन निधीचे ४०,००० रुपये भरले, पावती घेतली, हमीपत्राची नोटरी केली. दत्तकपूर्व संगोपन म्हणून, म्हणजे दत्तकाचा आदेश यायच्या आधीच, जून २०१९ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, महाराष्ट्र एक्सप्रेसने तिला साताऱ्याला आणलं. ही गाडी विदर्भातून थेट साताऱ्याला येते, गाडी बदलावी लागत नाही. संस्थेतून निघताना तिची रोजची चादर मागून घेतली. न धुता. हा सल्ला गटातल्या एका आईचा, आणि तो फार उपयोगी पडला.

इथे रजेचं सांगायला हवं. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. मातृत्व लाभ कायद्यातली दत्तक आईची बारा आठवड्यांची रजा तेव्हा तीन महिन्यांच्या आतल्या बाळालाच लागू होती. जे मूल सहा वर्षं आईवाचून वाढलंय, त्याला आईची गरज कमी असते का? मला याचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. साठवलेली हक्काची रजा वापरली, पुढे काही दिवस बिनपगारी. मोठं मूल आणणार असाल तर आधीपासून रजा राखून ठेवा, कारण पहिले दोन-तीन महिने तुम्ही घरात असणं या सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिल्या महिन्यात ती आजारीच होती. रात्री दोनला खोकला सुरू व्हायचा, पहाटेपर्यंत. सासूबाई उशाशी बसून पाठ चोळायच्या. पुण्याला बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हृदयासाठी कसलंही बंधन नाही, धावू दे, पळू दे, पोहू दे. वर्षातून एकदा एको, आणि दात स्वच्छ ठेवायचे. किडलेल्या दातांतले जंतू रक्तात जाऊन अशा हृदयाला त्रास देऊ शकतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे आधी जा. तिच्या दोन दाढा किडलेल्या होत्या, त्या भरून घेतल्या. खोकल्याचं निदान झालं दमा. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा एक पंप आणि धाप लागली तरच घ्यायचा दुसरा, दोन्ही स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून.

पंपाला घरात विरोध झाला. ‘एवढ्याशा पोरीला पंपाची सवय लागंल,’ असं नणंदेपासून दूधवाल्यापर्यंत सगळे म्हणाले. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून समजावलं की तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा यात औषध फार थोडं असतं आणि ते थेट फुफ्फुसात जातं, सवय वगैरे काही लागत नाही. त्यानंतर पंपाची जबाबदारी आजीनेच घेतली. पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, स्पेसरमधून पाच-सहा सावकाश श्वास, मग चूळ. आजी श्वास मोजायची, नात घ्यायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की आत औषध चिकटून बसतं. लोहाचं औषध लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा-दुधाबरोबर कधीच नाही. जंताची गोळी दिली. राहिलेल्या लसी कार्ड पाहून पुऱ्या केल्या.

शाळेसाठी जन्मदाखला नव्हता, तो दत्तकाच्या आदेशानंतरच निघतो. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. संस्थेचं पत्र आणि बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत घेऊन गेलो, आणि नगरपालिकेच्या शाळेत पहिलीत नाव घातलं. बाईंना पंप दाखवून ठेवला.

औषधाने खोकला थांबला. पण ती बसूनच राहायची. शाळेत बाकावर, घरी पायरीवर. कुणी धावायला लागलं की भिंतीला टेकून उभी राहायची. तिला धावता येत नाही हे तिला इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की डॉक्टरांनी ‘पळ’ म्हटल्याने ते पुसलं जाणार नव्हतं. आम्ही मागे लागलो असतो तर ती आमच्यासाठी पळाली असती, गुणी मुलीसारखी. ते आम्हाला नको होतं.

समोरची मुलगी रोज संध्याकाळी यायची. आधी तिने हिला लगोरीचे गुण मोजायला बसवलं. मग ‘तू फक्त दगड रच’ म्हणाली. दगड रचायला उठावं लागतं, बाजूला व्हावं लागतं, चेंडू आला की वाकावं लागतं. ऑगस्टमध्ये पाऊस उघडला त्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, आणि खालून ‘टाइमप्लीज!’ असा ओरडा ऐकू आला. आवाज आमच्या लेकीचा होता. ती गल्लीच्या मध्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत उभी होती, आणि सगळी मुलं जिथल्या तिथे थांबली होती. मैत्रिणीने फर्मान काढलं होतं की हिला पाहिजे तेवढे टाइमप्लीज. एक मुलगा कुरकुरला तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘तिला दम लागतो, तुला चष्मा लागतो. चष्मा काढून खेळतोस का?’ लेक थोडा वेळ उभी राहिली, श्वास जागेवर आला, हात वर केला, आणि खेळ पुढे सुरू झाला. मी खाली गेले नाही. पंप आजीच्या कनवटीला होता आणि आजी दारातच बसलेली होती.

तिच्यात नंतर जे बदल झाले त्यांची सुरुवात मी त्या महिन्यात धरते. भूक लागायला लागली. उशीखालच्या पोळीचे तुकडे कमी झाले. गटातल्या आयांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही कधी रागावलो नव्हतो, उलट तिच्या उंचीवर एक डबा ठेवला होता ज्यातलं कधीही, न विचारता खायचं. दिवाळीत दीर-जावा आणि मुलं आली तेव्हा ती किल्ल्यासाठी मातीत बरबटली. आणि बिथरलीही. नोव्हेंबरात दोन आठवडे तिने मला चावे घेतले, ताट ढकललं, ‘मले परत नेऊन दे’ म्हणाली. आम्ही संस्थेतल्या समुपदेशकांशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, ती परीक्षा घेतेय, आणि घेण्याइतकी तिला तुमची खात्री वाटायला लागलीय. रोज तेच जेवण, तीच झोपायची वेळ, तेच बोलणं ठेवा. आम्ही ठेवलं.

दत्तकाच्या आदेशासाठी तेव्हा न्यायालयात अर्ज करावा लागायचा. तो संस्था करायची, ती ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या न्यायालयात. कायद्यात दोन महिने म्हटलंय, आम्हाला डिसेंबर उजाडला, कारण एका कागदावरची सही राहून गेल्याने तारीख पुढे गेली. सुनावणी बंद दालनात झाली. न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावून विचारलं, घरी कोण कोण आहे? ‘आई, बाबा, आजी,’ आणि मग मैत्रिणीचं नाव. त्यांनी हसून ते लिहून घेतलं की नाही ठाऊक नाही. आदेशाच्या किमान चार प्रमाणित प्रती मागून घ्या. जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, विमा, सगळीकडे लागतात. आमच्यानंतर कायद्यात २०२१ ची दुरुस्ती झाली आणि दत्तक आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्याची तरतूद आली. तेव्हा तुमच्या वेळी कोणती पद्धत चालू आहे ते संस्थेला विचारा.

जन्मदाखला फेब्रुवारी २०२० मध्ये हातात आला. पालक म्हणून आमची नावं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दम्याचं मूल घरात आणि बाहेर ती साथ, त्या दिवसांत आम्ही फार घाबरलो होतो. पंपाचा साठा करून ठेवला. दोघी मैत्रिणी आपापल्या गच्चीवरून दोरी-उड्या मोजायच्या, अभ्यासाची उजळणी ओरडून करायच्या. पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं होतो, प्रत्येक भेटीचे २,००० रुपये. त्यातल्या काही भेटी व्हिडिओवर झाल्या. शेवटच्या अहवालात वजन २२ किलो, हिमोग्लोबिन ११.९. एकोत छिद्र दिसलं नाही. दमा आहे, पावसाळ्यात रात्री अजूनही उठावं लागतं.

प्रश्न आता सुरू झालेत. ‘माही पहिली आई कुठं असंल?’ हे ती पंप घेता घेता, चूळ भरता भरता विचारते. खोटं सांगत नाही आम्ही. जेवढं फाइलमध्ये आहे तेवढं तिच्या वयाला झेपेल तसं सांगतो. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतः मूळशोधासाठी अर्ज करता येतो, म्हणून आम्ही दोन्ही अहवाल, एकोचे जुने-नवे कागद, संस्थेची पत्रं, पावत्या हे सगळं तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवलंय आणि त्याच्या स्कॅन प्रती वेगळ्या. तुम्हीही पहिल्या दिवसापासून असंच ठेवा, संस्थेकडून मिळालेला चिठोराही टाकू नका. आमची फाइल आजीच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि लेकीला ते माहीत आहे.